ओलांडलेला पाय

माझा डावा पाय उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं आखूड आहे. जालन्यात मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे याचं कारण मला वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगता येतं. आमच्या घरात मात्र कारण दुसरंच ठरलं होतं, आणि ते काकूच्या नावावर होतं.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी एक. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा उन्हाळा असेल. मी आठ वर्षांची. दुपारी ओसरीवर, दाराच्या तोंडाशीच पाय करून मी झोपले होते. काकू, म्हणजे धाकट्या काकांची बायको, तेव्हा घरात नवीन होती. कुरडयांचं भरलेलं सूप दोन्ही हातांत धरून ती निघाली आणि वाटेत आलेले माझे पाय ओलांडून गेली. झोपलेल्या पोराला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, असं आमच्याकडे पक्कं मानतात. चुकून ओलांडलंच तर आल्या पावली परत ओलांडायचं, म्हणजे हिशेब मिटतो. काकू परत ओलांडायला विसरली. ते आईनं पाहिलं.

पुढे पावसाळ्यात मला ताप आला आणि डावा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. जालन्याच्या डॉक्टरांनी चिरून पू काढला. मी बरी झाले, पळायलाही लागले. वर्ष-दीड वर्षानं आई माझ्या शाळेच्या परकराची किनार पुन्हा पुन्हा खाली-वर करत बसायची. शिलाई सरळ होती, तरी परकर एका बाजूनं लोंबायचा. मग एकदा तिनं मला भिंतीला टेकवून दोन्ही गुडघे जवळ धरले. डावा खालीच राहिला होता. आई काकूकडे नुसती बघत राहिली. त्यानंतर काकूच्या हातचं पाणीही ती मला पिऊ देईना.

मग दुपारची एक गोष्ट सुरू झाली. डोळा लागतोय न लागतोय तोच मला पायांशी कोणीतरी उभं असल्याचं जाणवायचं. पापण्या किलकिल्या केल्या की आधी जोडवी दिसायची, मग तळवा, आणि तो तळवा माझ्या गुडघ्यांवरून हळूच पलीकडे जायचा. काकू लुगडं वर धरायची, काठ मला लागू नये म्हणून. श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. पलीकडे गेली की माझ्या पायाकडे बघत थांबायची, आता वाढतोय का ते बघायला. मी मेल्यासारखी पडून राहायची. मला तिची भीती वाटायची, हे खरंच आहे.

एके दिवशी भरदुपारी तिनं मला हलवून उठवलं. चेहरा पांढराफटक.

"माय, सांग की. त्या दिशी मी कुणीकून आल्ते? आतून का बाहीरून?"

"मी झोपले होते, काकू."

"मला बी बराबर याद न्हाई गं. उलट्याच बाजूनं वलांडून राह्यले असंल, तर दुप्पट व्हतंय ना ते."

त्या दिवसापासून तिचं येणं थांबलं. दाराशी कोणी झोपलेलं असलं की ती मागच्या अंगणातून वळसा घालून जायची, पुढे स्वतःची मुलं झाली तरीही.

पाय दाखवायला आई मला पुन्हा जालन्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे दिव्यावर लावला. उजव्या गुडघ्यात हाडाच्या टोकाशी एक काळी फट होती. टोक हाडापासून सुटून हवेत तरंगतंय असं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, ती फट रिकामी नाही. तिथं कूर्चा आहे, मऊ असते म्हणून फोटोत दिसत नाही. तिच्यातल्या पेशी वाढतात, पिकतात आणि मागे हाड तयार होतं, म्हणून माणूस उंच होतो. डाव्या गुडघ्यात ती फट नव्हती. पुवानं कूर्चा जाळली होती आणि तिथं हाड सांधून गेलं होतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हिची वाढ गेली कुठं?"

"जाईल कुठं? थांबली," डॉक्टर हसले.

आईला ते बिलकुल पटलं नाही. पाटातून फुटणाऱ्या एका दांडाचं पाणी तोडलं तर ते दुसऱ्या दांडात जातंच, हे शेतात राबलेल्या बाईला कोणी शिकवायला नको. घरी येऊन तिनं तो प्रश्न सगळ्यांसमोर पुन्हा विचारला. काकू भाकरी थापता थापता ऐकत होती.

शिकल्यावर मी काकूला कितीदा तरी समजावलं की दोष तापाचा होता. ती "व्हय, व्हय" म्हणायची आणि विषय बदलायची. तोवर आई गेली. आता हे प्रकरण संपलं, असं मी धरून चालले.

दोन हजार पंधराच्या सुमारास काकूचे गुडघे गेले. आयुष्यभर उकिडवं बसून निंदणी केलेली बाई. तिच्या मुलानं तिला जालन्याला आणलं, मी सोबत गेले. डॉक्टरांनी एक्स-रे लावला. कूर्चा झिजून सांध्यातली जागा जवळजवळ मिटली होती, आणि कडेनं हाडाची टोकं बाहेर आली होती.

"हाड वाढलंय," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याच विषयातलं आहे, मॅडम. ग्रोथ फॅक्टर, पेशींना वाढीचे निरोप देणारी द्रव्यं. तरुणपणी कूर्चा सांभाळणाऱ्या निरोपांना म्हाताऱ्या पेशी वेगळंच उत्तर देतात. पोरवयात वाढताना व्हायचं, तसं पिकून हाड व्हायला बघतात."

मला शिकवायची खोड. मी काकूला सोपं करून सांगितलं, "लहान पोरांच्या गुडघ्यात वाढ होते ना, तसलंच काहीतरी तुझ्यात सुरू झालंय."

काकू एक्स-रेकडे बघत राहिली. "कोण्या पायात जास्ती?"

"डाव्या," डॉक्टर म्हणाले.

ती काय जोडतेय ते मला कळलं, पण बोलायला उशीर झाला होता. डॉक्टर ऑपरेशनचं सांगत होते. झिजलेला भाग कापून नवा सांधा बसवता येईल, चालणं सुधारेल.

"कापलेलं कुठं टाकता?" काकूनं विचारलं.

"ते टाकूनच देतात, मावशी."

"मंग नका कापू. हिचं हाय ते."

बाहेरच्या बाकावर मी तिच्यावर ओरडले. पू, ताप, पेशी, सगळं पुन्हा सांगितलं. वाढ एका अंगातून दुसऱ्या अंगात जात नाही, काकू, तुझा काडीचाही दोष नाही. सांगता सांगता मला रडू आलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, हट्ट करणाऱ्या लेकराला गप्प करावं तशी.

ऑपरेशन तिनं केलं नाही. गोळ्यासुद्धा घेईना. शेवटी शेवटी भिंत धरून सरकायची. मी गावी गेले की मला जवळ बसवायची, माझा हात ओढून डाव्या गुडघ्यावर ठेवायची आणि पाय हळूहळू वाकवायची. तळव्याखाली आत काहीतरी खरखरायचं. गुडघा दुखून तिचे डोळे भरून यायचे.

"हाय बघ," ती म्हणायची. "वाढूनच राह्यलंय. तुझं तुला देता येईना, पर एवढं बी सांडू दिलं न्हाई मी."