आकडा कापायचा नाही

"मास्तर, डोळ्याला काय कळतंय? पट्टी लावा."

असं म्हणून तो खिशातली स्टीलची पट्टी काढायचा आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभी धरायचा. सगळे आकडे पट्टीला टेकले की मान हलवायचा. एखादा जरी आत-बाहेर झाला, तर दाताखाली खडा आल्यासारखा चेहरा करायचा.

गारखेड्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात शाळा आणि रक्त तपासणाऱ्या लॅब यांच्यासाठी प्रोग्राम तयार होत. तो कोड लिहायचा, मी माहितीपुस्तिका. माझ्या पिशवीत कायम एखादं पुस्तक असे, म्हणून मी मास्तर.

काम चोख झालं की ते कुणाला दिसतच नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्याचं काम रिकाम्या जागांचं होतं. यादीत एक नाव लांब, एक आखूड. पुढचा रकाना सरळ यावा म्हणून मध्ये नेमकी तेवढी जागा सोडावी लागते. आमचा जुना प्रोग्राम ती एकेक करून चिकटवत बसे. मोठ्या शाळेची यादी छापायला टाकावी आणि चहा पिऊन यावं. त्यानं या कामासाठी एक छोटी लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला जोडता येईल असा तयार कोड, लिहिली. मग आमचे सगळे प्रोग्राम तीच वापरू लागले.

"हातभर कापड लागलं की दर खेपेला दुकानात जाता का?" तो मला समजावायचा. "तागाच आणून ठेवायचा. लागंल तेवढं फाडायचं." त्याची लायब्ररी रिकाम्या जागांचा लांब पट्टा एकदाच तयार करून ठेवी आणि हवा तेवढा तुकडा काढून देई. मराठी नावांसाठी तर त्यानं अक्षरांची रुंदी पट्टीनं मोजली होती.

एकदा लॅबच्या रिपोर्टातला एक आकडा रकान्यात मावेना. मालक म्हणाले, "शेवटचा अंक उडव, दिसायला नीट दिसेल."

"नाय साहेब. रकाना फुटू द्या. वाकडं दिसलं तर दिसलं. आकडा कापायचा नाय. समोरचा माणूस त्याच्यावर औषध घेतोय."

मालक पुटपुटत निघून गेले. नियम राहिला.

मागच्या वर्षी त्याला ताप येऊ लागला. रक्ताचाच आजार निघाला. दवाखान्यातून त्याचं रक्त ज्या लॅबला जाई, तिथं आमचाच प्रोग्राम होता.

एका सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, पेशींचा आकडा आज लई लहान आलाय. मागं सहा अंकी होता, आज चारच. प्रोग्राम तुमचाच ना? एखाददुसरा अंक खाल्ला असंल का त्यानं?"

"बघतो," मी म्हणालो.

दिवसभर मी त्याचा कोड ओळीनं वाचत होतो. लहान आकडे घालून पाहिले, मोठे घातले, रकाने अरुंद करून पाहिले. मित्राच्या कामात चूक निघावी अशी इच्छा मी आयुष्यात तेवढी एकदाच केली. निघाली नाही. एके ठिकाणी त्यानं पुढच्या वाचणाऱ्यासाठी टीप लिहून ठेवली होती: आकडा कापायचा नाही.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो, तर तो उशीला टेकून त्याच रिपोर्टवर पट्टी धरून बसला होता. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तपासला का कोड, मास्तर?"

"हो."

"मग?"

"काही सापडलं नाही."

"नाय सापडणार. म्या लिहिलाय." तो जरासा हसला. वहिनी पाण्याची बाटली घेऊन उगाच बाहेर गेल्या. मग त्यानं पट्टी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं असू द्या. इथं कुठं तरी पडंल."

तो गेल्यावर लॅबमधून त्याचे सगळे निकाल एका कागदावर छापून आले. डावीकडे तारखा, मध्ये त्याचे आकडे, आणि उजवीकडे निरोगी माणसाचा आकडा किती असावा ते. त्याचे आकडे आपल्या रकान्याच्या उजव्या कडेला सरळ टेकलेले होते. खाली खाली ते आखूड होत गेले होते आणि त्यांच्या डावीकडची पांढरी जागा वाढत गेली होती. शेवटच्या तारखेला सकाळी रक्त घेतलं होतं, दुपारी तो गेला. तपासणी कुणी केलीच नाही. त्या ओळीत आकडाच नव्हता. त्याच्या लायब्ररीनं अख्खा रकाना रिकाम्या जागेनं भरला होता.

मी पट्टी उभी लावून पाहिली. त्या रिकाम्या जागेपलीकडचा निरोगी माणसाचा आकडा वरच्या ओळींच्या बरोबर खाली होता. केसभरही सरकला नव्हता.