अक्कांचं सोवळं

बाळांनो, तुम्ही आफ्रिकेत, मी बीडला. तुमच्या थोरल्या आजी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, गेल्या हे तुमच्या वडिलांनी कळवलंच असेल. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. आता महिना होत आला. नेमकं त्याच आठवड्यात तुमचं पत्र आलं, की कामाच्या रगाड्यात मनाजोगं काही करायला वेळच मिळत नाही. म्हटलं, अक्कांनी वेळ कुठून काढला ते तुम्हाला आत्ताच सांगावं...

पुण्याला इंग्रजी शिकून मी पाटोद्याच्या घरात सून म्हणून आले, तेव्हा निजामाचा अंमल होता. गावात शाळा होती ती मुलांची, तीही उर्दू. अक्कांना अक्षर येत नव्हतं. एकदा विहिरीवर त्या हळूच म्हणाल्या, "पोथी माझी मला वाचता यायला पाहिजे गं, मरायच्या आत." मी हौसेनं वेळापत्रक आखलं, अमुक वेळी पाठ, तमुक वेळी उजळणी. ते आठवडाभरही टिकलं नाही. अक्कांनी पाटी घेतली की गाय सुटायची, पाहुणे यायचे, कुणाचं तरी मूल रडायचं, आणि साऱ्यांच्या तोंडी एकच हाक, अक्का.

मग तोड त्यांनीच काढली. आमच्याकडे स्वयंपाक सोवळ्यात. लोकरीची धाबळी नेसून सून चुलीपाशी गेली, की नैवेद्य होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही आणि बाहेरचं एकही काम सांगायचं नाही. अक्का अंधारातच उठू लागल्या. स्वयंपाक झपाट्यानं उरकायचा आणि नैवेद्य होईस्तोवर सोवळ्यातच बसून राहायचं. पाटी विहिरीच्या पाण्यानं धुतलेली. तिची सुती दोरी त्यांनी स्वतः तोडून टाकली होती, कारण सूत ओवळं. कागद तर चालतच नसे, म्हणून मी उंबऱ्याबाहेर बसून पुस्तक त्यांच्यासमोर धरायची...

जोडाक्षरांपर्यंत मजल गेली आणि सासूबाईंनी पकडलं. चूल शांत, भांडी झाकलेली, आणि थोरली सून पाटीवर वाकलेली. अक्कांचं शिकणं इथंच संपलं, असं मी धरून चालले.

"सैपाक झाला, तरी सोवळं कावून सोडीनास?"

"पाठ राहिलाय."

"सोवळ्यात पाटी?"

"दगडच हाय, सासूबाई. वरवंट्यासारखी धुऊन घेतलीय."

सोवळ्याचे सगळे नियम सासूबाईंनीच आम्हाला शिकवलेले, आता धुतलेल्या दगडात खोट काढायची कशी? तेवढ्यात अक्कांच्या यजमानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भाऊजींनी, ओसरीवरून हाक दिली, माजलगावचे पाहुणे आलेत, हिला पाणी घेऊन पाठवा. अक्कांनी पेन्सिल खाली ठेवली. सासूबाई दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "ती सोवळ्यात हाय. तूच घे."

भाऊजी आत आले. तांब्या कुठं असतो, हेही त्यांना विचारावं लागलं. सासूबाईंनी बोटानं दाखवला आणि ते गेल्यावर अक्कांकडे वळल्या, "बघतीस काय? लिही की."

पुढच्या चातुर्मासात पोथी अक्कांनी वाचली. गल्लीतल्या बायकांना सासूबाई जातीनं बोलावून आल्या होत्या. एका ओळीवर अक्का अडखळल्या... थांबल्या, मागे गेल्या, आणि तीच ओळ खणखणीत वाचली. पोथी मिटल्यावर सासूबाई बायकांना म्हणाल्या, "आमच्या थोरलीनं सोवळं लई पाळलं." अक्कांनी माझ्याकडे बघितलं मात्र, आणि दोघींनाही हसू आवरेना.

त्यानंतर घरातल्या लेकी-सुनांना एकेक करून अक्कांनीच शिकवलं. आमच्या घरातली कुठलीही मुलगी पुढं अंगठा उठवणारी निघाली नाही.

पाटोद्याच्या घरात सोवळं आता कुणी पाळत नाही. पण जेवणाआधीचा तेवढा वेळ बायका पुस्तक घेऊन बसतात, आणि तेव्हा त्यांना कुणी हाक मारत नाही.