मुरवलेली साल

केंद्रावर त्यांना सगळे नाकमामा म्हणत आणि ते त्यांना आवडायचं. जंगलातलं ते संशोधन केंद्र उभं राहिलं तेव्हापासून, म्हणजे एकोणतीस वर्षं, त्यांचं काम एकच : झाडाचं नाव सांगणं. ऐकायला सोपं वाटतं. पण तिथली झाडं इतकी उंच की पानं बघायची तर मान मोडायची, आणि खोडं सगळी सारखीच. मामा सुरीनं सालीला बारीक खाच मारायचे, चिटोरं नाकाशी धरायचे आणि नाव सांगून मोकळे व्हायचे. मोठमोठे शास्त्रज्ञ वही उघडून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. माणसानं थोडा तोरा मिरवला तर काय बिघडलं?

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. शेगडीवर दूध करपून काळं झालं तरी मामा शेजारीच पेपर वाचत बसले होते, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आला नाही. बायकोखेरीज कुणाच्या कानावर मामांनी ही गोष्ट जाऊ दिली नाही. वास येत नसलेल्या नाकमामाला केंद्रावर कोण ठेवणार, ही भीती मनात घर करून बसली. जुन्या प्लॉटमधली, म्हणजे अभ्यासासाठी आखलेल्या तुकड्यातली, चार हजार झाडं त्यांना शेजाऱ्यांसारखी पाठ होती. खाच मारायची, हुंगल्यासारखं करायचं, पाठ असलेलं नाव सांगायचं. अशी दोन वर्षं निभावली.

मग परदेशातून ती पोरगी आली. विशीतली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. उष्ण प्रदेशातली जंगलं कशी जगतात आणि ती राखायची कशी, हे शिकायला घरापासून इतक्या लांब आलेली. दहा आठवड्यांत प्रकल्प करायचा, त्यावर पदवी. इथली भाषा मोडकीतोडकी बोलायची, पण प्रश्न विचारताना कधी अडली नाही. तिनं ओढ्यापलीकडचा नवा प्लॉट निवडला. अंगठ्याएवढ्या रोपापासून कवेत न मावणाऱ्या खोडापर्यंत अकराशे झाडं, आणि एकाचंही नाव आजवर कुणी लिहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी वेळ मारून नेली. साल रात्रभर मुरली की वास पक्का होतो, नाव उद्या सांगतो, असं ठोकून दिलं. चिटोऱ्यांच्या पुड्या बांधल्या, वर झाडांचे नंबर घातले आणि घरी नेल्या. बायको लहानपणापासून याच जंगलातलं सरपण गोळा करत वाढलेली. तिचं नाक नवऱ्यापेक्षा सरसच, फक्त तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी ओट्याशी उभी राहून ती एकेक पुडी हुंगायची, नाव सांगायची, आणि सकाळी मामा तेच ऐटीत पोरीला सांगायचे. पोरगी भाबडी. ‘साल रात्रभर मुरवून मग हुंगावी’ हे तिनं पद्धत म्हणून वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. केंद्रप्रमुख बाईंनाही ते पसंत पडलं. यापुढे सगळ्यांनी असंच करावं म्हणाल्या. थाप इतकी मानाला चढलेली मामांनी कधी पाहिली नव्हती, पण त्यांना हसू येईना.

आठशे अठ्ठ्याऐंशी झाडं अशी पार पडली. मग बायकोला सर्दी झाली. नाक असं चोंदलं की तिला औषधाचाही वास येईना. उरलेली दोनशे बारा झाडं ओढ्याकाठच्या पट्टीत होती आणि त्यांतली बहुतेक लसण्या नाहीतर काकड्या या दोन जातींची. दोन्हींची साल दिसायला एक. खाच मारली की एकीला लसणाचा वास, दुसरीला चिरलेल्या काकडीचा. आंधळ्यालाही कळेल, मामांना कळेना. थांबूया म्हणावं तर पोरीचे दिवस भरत आलेले, असं त्यांनी मनाची समजूत घातली. खरं कारण त्यांनाही ठाऊक होतं. सहा दिवस त्यांनी अंदाजानं, मोठ्या झाडाला जे तेच खालच्या रोपांना, अशी नावं सांगितली आणि पोरीनं ती विश्वासानं लिहून घेतली.

पुढच्या आठवड्यात ती नकाशा घेऊन धावतच आली. झाडाचं रोप आपल्याच जातीच्या मोठ्या झाडाखाली सहसा जगत नाही, कारण त्याला खाणारे किडे तिथंच जमलेले असतात, हे तिला शिकवलं होतं. आठशे अठ्ठ्याऐंशी झाडांत तसंच दिसत होतं. पण ओढ्याकाठी लसण्याखाली लसण्याचीच रोपं दाटीनं उभी होती. तिकडच्या तिच्या सरांनी लिहिलं होतं, हाच तुझा प्रकल्प, बाकी सगळं बाजूला ठेव. असा आनंद मामांनी तिच्या तोंडावर इतक्या आठवड्यांत पाहिला नव्हता. ते खरं सांगायला गेले आणि नकाशा छान झालाय एवढंच म्हणाले. घरी बायको म्हणाली, “सांगून टाका. ती उद्या सगळ्यांपुढे उभी राहणार आहे.” मामांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता केंद्राच्या खोलीत आठ माणसं बसली. मामा दाराशी उभे होते. पोरीनं नकाशा भिंतीवर लावला आणि ती बोलायला लागली. ओढ्याकाठची पट्टी आली तशा केंद्रप्रमुख बाई पुढे सरकल्या. ही लसण्याचीच कशावरून, असं त्यांनी विचारलं.

“मामांनी ओळखलीत,” पोरगी म्हणाली. “मामा चुकत नाहीत.”

सगळे वळून मामांकडे बघायला लागले. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“मला वास येत नाही,” मामा म्हणाले. “दोन वर्षं झाली.”

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. आधीची झाडं बायकोनं ओळखली, ती बरोबर आहेत; ही दोनशे बारा मी अंदाजानं सांगितली, एवढं मामांनी खाली बघत सांगून टाकलं.

“आणि जुना प्लॉट?” पोरीनं विचारलं.

“तो बरोबर आहे. एकूण एक झाड.”

“कशावरून?”

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला इथं हेच विचारायला शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यांत मामाही होते. पण एकोणतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरीनं नकाशा काढला, गुंडाळला आणि निघून गेली. बाई म्हणाल्या, जुनी नावं तपासल्याशिवाय मामांचं काय करायचं ते ठरवता येणार नाही. मामा दुपारभर पायरीवर बसून राहिले. कुणी जा म्हणेना, कुणी आत बोलवेना. उन्हं कलली तेव्हा पोरगी आली. डोळे सुजलेले होते. मामींची सर्दी गेली का, असं विचारलं.

“गेली,” मामा म्हणाले. “तुझी दोनशे बारा ती दोन दिवसांत करून देईल.”

“आधी जुना प्लॉट. पन्नास झाडं, मी निवडलेली. माझं नंतर.”

“अगं, तुझे सहाच दिवस उरलेत.”

“माहीत आहे मला. तुम्ही चुकत नाही, असं मी घरी सगळ्यांना लिहिलंय. मला कळायला हवं.”

सकाळी मामी ठेवणीतल्या चपला घालून आल्या आणि पहिल्याच चिखलात त्या हातात घेऊन चालायला लागल्या. जुना प्लॉट आखल्यापासून त्यांनी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. पोरीनं मामांकडून सुरी मागून घेतली. तुमच्या तोंडावरून मामींना नाव कळेल, तिकडे तोंड करून उभे राहा, असं तिनं बजावलं आणि मामा निमूटपणे पाठ करून उभे राहिले. जुन्या नावांची यादी पोरीनं छातीशी धरली होती. खाच मारल्याचा आवाज आला. मामींनी हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. एवढा वेळ का लागतोय हे मामांना कळेना.

मामींनी नाव सांगितलं.

कागद उलटल्याचा आवाज झाला, पेन्सिल टेकली.

“बरोबर,” पोरगी म्हणाली. “एक.”

मामांनी बाहीनं डोळे पुसले, पण वळून बघितलं नाही. अजून एकोणपन्नास होती.