पंपघराचा चार्ज

पंपघराच्या दाराला कडी नव्हती. भंगारवाल्यांनी ती कधीच उपटून नेलेली. तरी दार उघडेना. आतून मी ढकलत होते, बाहेरून माझी धाकटी जाऊ सुमन ओढत होती... आणि पायाखालची जमीन थरथरत होती, पंप चालू असल्यासारखी. पंप तर विकून वर्षं झाली.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. चौथीच शिकले, पण खुळी नाही.

आंबिवलीजवळ नदीकाठी आमची कागदाची मिल होती. तिनेच माळावर गाव वसवलं — क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, रविवारी मैदानात सिनेमा. मिल बंद पडली, तसं एकेक गेलं. पोरं कळव्याला, टिटवाळ्याला भाड्याने राहायला गेली. आम्ही चार म्हातारी घरं उरलो.

माझे मालक आणि दीर दोघेही पंपघरात होते. तिथे नियम एकच. पुढच्या पाळीचा माणूस, रिलीव्हर, येऊन चार्ज ‘घेतला’ म्हणेपर्यंत पंप सोडायचा नाही. रिलीव्हर आला नाही की डबल पाळी. मग आम्ही जावा डबा पोचवायचो.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी शेळी शोधत मी त्या पंपघरात शिरले. कोपऱ्यातून थकलेला आवाज आला, "रिलीव्हर आला का?"

वाटलं, बेवडा असेल कोणी. पंपवाल्याच्या संसारात जन्म गेलेला... तोंडातून निघून गेलं, "घेतला बाबा. जा घरी."

बाजूने कोणीतरी गेलं. दिसलं काही नाही, ग्रीसचा वास तेवढा आला. आणि दार लागलं.

माझं ओरडणं ऐकून सुमन धावत आली. काय झालं ते मी आतूनच सांगितलं.

"अक्का, तुम्हाला घ्यायला सांगितलेलं कोणी? शेळी इथे बाहेर चरतेय."

"आधी दार ओढ. छातीत धरलंय माझ्या."

बराच वेळ तिने ओढलं. मग थांबली. हळूच म्हणाली, "घेतला. निघा तुम्ही."

दार उघडलं. मी बाहेर पडले. सुमन माझ्याकडे न बघता आत गेली, पाळीवर जातात तशी. दार पुन्हा लागलं.

मी माणसं घेऊन आले, तेव्हा ते एका बोटाने उघडलं. सुमन भिंतीला टेकून बसलेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल. पण ती जमीन कशाने हलत होती, ते कोणी सांगत नाही. मलाही ठाऊक नाही.

छातीचं दुखणं माझं होतं, तिला कसलंच नव्हतं. सुमन गेली. मी आहे.