चढ्या सुराची कॅसेट

संजीव दर गुरुवारी दुपारी सुदामा नगरात जुन्या मित्राकडे, जयसिंगरावांकडे जायचा आणि तासभर बसून परत यायचा. वाईट वाटणं केव्हाच बंद झालं होतं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसावं तसा बसायचा, एवढंच. जयसिंगरावांना विसरण्याचा आजार जडून तीन वर्षं झाली होती आणि आता ते बायकोलाही ओळखत नव्हते. यामिनीवहिनींना ते अदबीने विचारायचे, बाई, तुम्ही घरी कधी जाणार? त्याही तितक्याच अदबीने सांगायच्या, चहा घेऊन जाते.

याच माणसाने चाळीस वर्षांपूर्वी बडा गणपतीच्या आसपासची पोरं बिघडवली होती. होळकरांच्या फौजेतल्या स्वाराचा हा पणतू घोड्याऐवजी ड्रमपुढे बसला. मावसभावाने विलायतेहून एका रॉक बँडची कॅसेट आणली, जयसिंगच्या डेकवरून तिच्या कॉप्या निघाल्या, कॉप्यांच्या कॉप्या निघाल्या आणि बघता बघता गल्लोगल्लीची पोरं केस वाढवून, जीन्स गुडघ्यावर फाडून हिंडू लागली. शब्द कुणाला कळत नव्हते. बापाला ते आवडत नाही एवढं पुरेसं होतं. अप्पासाहेबांनी, म्हणजे जयसिंगच्या वडिलांनी, एकदा तो झोपेत असताना त्याचे केस कापले. दुसऱ्या दिवशी गिटारवाल्या संजीवसकट त्याच्या बँडमधल्या सगळ्यांनी चकोट केला. मोहल्ल्यात कोण गेलं म्हणून बायका चौकशी करू लागल्या.

भानगड एकच होती. जयसिंगचा डेक जरा जोरात पळायचा, त्यामुळे त्यावरून काढलेली प्रत्येक कॉपी अर्धा सूर चढी आणि थोडी घाईची निघायची. पोरांनी तेच खरं धरलं, गिटारी त्याच सुराला लावल्या. पुढे कुणीतरी खरी रेकॉर्ड ऐकवली तेव्हा सगळ्यांनी एकमताने ठरवलं की गोरे बेसूर गातात.

मग नोकऱ्या लागल्या. संजीव शाळेत फिजिक्स शिकवू लागला, जयसिंग वीज खात्यात चिकटला आणि ड्रम माळ्यावर गेले. यामिनीवहिनी लग्न होऊन आल्या त्या यानंतर.

त्या गुरुवारी वहिनींनी फोन पुढे केला. जुनी गाणी ऐकवून बघा असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून बेंगळुरूच्या मुलीने, पलकने, त्या कॅसेटवरचं बापाचं आवडतं गाणं शोधून पाठवलं होतं.

‘आठ दिवस झाले लावतेय भावजी, पण ह्यांना काही फरकच नाही पडत. बस, भिंतीकडे पाहत बसतात.’

संजीवने ऐकलं. गाणं मूळ सुरात होतं, जड आणि दमलेलं वाटत होतं. हे त्यांचं गाणंच नव्हे. त्याने पलकला फोन लावून डेकची भानगड सांगितली. तिने कसल्याशा ॲपवर गाणं अर्धा सूर चढवलं, जरा पळवलं आणि पाचेक मिनिटांत परत धाडलं.

पहिल्या कडव्यालाच जयसिंगरावांची बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागली. मग पाय. मग त्यांनी संजीवकडे नीट पाहिलं.

‘संज्या, तू गिटार उशिरा उचलतोय भिया. जरा ध्यान दे न.’

तीन वर्षांनी या माणसाने त्याला नावाने हाक मारली होती. आनंद व्हायला हवा होता. संजीव वाट पाहत बसला, पण आत काहीच हललं नाही. हो रे, देतो, एवढं तो म्हणाला.

वहिनी लगबगीने पुढे आल्या. पदराने तोंड पुसून नवऱ्यासमोर बसल्या आणि मी कोण ते सांगा, असं म्हणाल्या. जयसिंगरावांनी बोटं थांबवली. परक्या बाईसमोर बसावं तसे सावरून बसले.

‘अप्पासाहेब घरी नाहीत,’ ते म्हणाले. ‘तुम्ही संध्याकाळी या.’

वहिनी उठल्या नाहीत. तिथूनच त्यांनी संजीवला विचारलं, ‘भावजी, लग्नानंतरचं असं एखादं गाणं असेल न, ह्यांना पसंत असलेलं? ते लावू या.’

संजीवने मनापासून आठवून पाहिलं. नोकरी लागल्यावर जयसिंगने स्वतःहून एक गाणं लावलेलं त्याला आठवेना. खोटं एखादं नाव सांगता आलं असतं, पण तेवढीही उमेद नव्हती.

‘नाही वहिनी,’ तो म्हणाला. ‘नंतर त्याने काही ऐकलंच नाही.’

त्यांनी मान हलवली आणि फोन त्याच्या हातात दिला.

‘मग हेच लावा परत. मला नाही तर नाही, तुम्हाला तरी ओळखू देत.’