ब बोंबलाचा

मुलगी साडेतीन वर्षांची झाली आणि मी बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत बालवाडी उघडली. विद्यार्थिनी दोनच. एक आमची आणि दुसरी समोरच्या दारातली, तिच्याच वयाची. समोरचं कुटुंब बिहारचं, पक्कं शाकाहारी. पण पोर आमच्याकडे खेळून खेळून माझ्यापेक्षा चुरूचुरू मराठी बोलायची.

फोनवरचे व्हिडिओ बघून मी ठरवलं होतं, आठवड्याला एक अक्षर आणि त्या अक्षराची एक वस्तू मुलींनी हातांनी करायची. अ ला अननस झाला, क ला कासव झालं. नवरा एकदा पाठीला चिकटलेली कासवाची चमचमती टिकली घेऊन कारखान्यात जाऊन आला. ब च्या आठवड्यात मी उशी उसवून कापूस काढला आणि पुठ्ठ्याच्या बदकावर चिकटवायला घेतला.

त्या बुधवारी सासूबाई आल्या. त्या किनाऱ्यावरच्या दांडी गावात राहतात, सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसतात आणि बाजार आटपला की चहाला आमच्याकडे येतात. त्यांनी टोपली दाराशी ठेवली आणि बदक उचलून उलटंपालटं केलं.

"ह्यो बगला हाय का?"

"बदक आहे, आई. ब बदकाचा."

"बदक कुनी बगितलाय इथं? पोरींना खरी वस्तू दाखव की गो."

मी हसून विषय सोडला. गोंद संपला होता म्हणून मुलींना त्यांच्याजवळ ठेवून खाली दुकानात गेले. दुकानदार गिऱ्हाइकांत गुंतलेला, त्यामुळे अर्धा तास मोडला. परत येते तर जिन्यातच वास आला.

घरात चटईवर तिघी गोल बसल्या होत्या. मधोमध माझा सगळ्यात मोठा पुठ्ठा आणि त्यावर सुक्या बोंबलांचा ब. वरची रेघ एका अख्ख्या बोंबलाची, उभा दांडा दुसऱ्याचा. सुका बोंबील वाकत नाही, म्हणून पोटासाठी तुकडे मोडून गोल मांडलेले, आत एक तिरका. चिकटवायला सकाळच्या भाताची पेज. फक्त पोट दांड्याच्या उजवीकडे आलं होतं.

"आजी, पोट इकडे नसतं, तिकडे असतं," आमची मुलगी सांगत होती.

"मंग आदी नाय का बोलायचं?" असं म्हणत सासूबाईंनी सगळे तुकडे उचलले आणि डावीकडे मांडले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना ब माहीतच नव्हता. लग्नाला सात वर्षं झाली होती. त्या शाळेत गेल्या नाहीत हे मला ठाऊक होतं, पण त्यांना एखादं अक्षर तरी येतं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. रागवायचं सोडून मी आणलेला गोंद त्यांच्यापुढे ठेवला.

तेवढ्यात दुसरी विद्यार्थिनी एक बोंबील मुठीत धरून आईला दाखवायला पळाली. मी मागून धावले, पण उशीर झाला होता. समोरचं दार उघडलं. तिची आई पदर नाकाला लावून उभी.

"भाभी, ये कह रही है ब से बोंबिल. ये होता क्या है?"

माझ्या पाठीमागून सासूबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मच्छी! सुका मच्छी! एकदम ताजा!"

ती बाई पोरीला घेऊन आत गेली आणि दार लागलं. दोन दिवस पोर आली नाही. आमच्या मुलीने रडून घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. समोरची आई, पोर आणि पोरीच्या हातात एक काळंभोर वांगं.

"हमारे यहाँ ब से बैंगन होता है, भाभी," ती म्हणाली आणि मग तिलाच हसू आवरेना. मीही हसत सुटले. वांग्याचे काप रंगात बुडवून मुलींनी त्याच दिवशी ठसे मारले.

पुढच्या बुधवारी सासूबाईंना मी ते ठसे दाखवले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"वांगा तर व चा ना?"

"तुम्हाला व कुठून कळला, आई?"

"नातीनं फोनवर शिकवला," त्या म्हणाल्या. मग लुगडं सावरून दोन्ही मुलींच्या मधे बसल्या आणि मला हाताने बाजूला करत म्हणाल्या, "सरक जरा, उजेड येऊं दे. आज कंचा अक्षर हाय?"