आप्पांचा गुरुवार

आई गेल्यापासून आप्पांनी देवळात जाणं सोडलं आणि त्याचं खापर मावशीनं माझ्या डोक्यावर फोडलं. "तू देव मानत न्हाईस, तुझ्या संगतीनं दाजी बी तसलेच झाले. देव मानणारी माणसं सुखी असत्यात. तुझं तोंड बघ जरा आरशात!" रोज फोन, रोज हेच. माझं तोंड जन्मापासून असंच आहे, त्याला देव काय करणार?

पण आप्पांचा मलाही घोर लागला होता. दोन घास कसेबसे खायचे आणि चऱ्होलीच्या घरात दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. हाच माणूस कंपनीला सुट्टी म्हणून दर गुरुवारी आईला स्कूटरवर मागे बसवून दत्ताच्या देवळात जायचा आणि येताना गुणगुणत यायचा. म्हणजे मावशीचंच खरं की काय? मला भयंकर राग आला. मावशीचा, देवाचा आणि त्याच्यावाचून असं सुकून चाललेल्या आप्पांचाही.

शेवटी चाकणच्या माझ्या कंपनीत साहेबाच्या हातापाया पडून मी शिफ्ट बदलून घेतली आणि गुरुवारी त्यांना देवळात नेलं. ही भली मोठी रांग. "तू हो फुडं," आप्पा म्हणाले. झाले. तापलेल्या फरशीवर पाय भाजत, शेजारच्या बाईची कोपरं खात मी आत पोचले आणि ज्याला मानत नाही त्याच्यापुढे नारळ ठेवून म्हटलं, यांना जेवायला लाव बाबा. वळून बघते तर आप्पा मागे नाहीतच. माझं डोकंच फिरलं.

बाहेर आले तर हे कट्ट्यावर माझ्या चपला जवळ घेऊन बसलेले.

"आप्पा, मी कुणासाठी आले इथं? आत का नाही आलात?"

"मी कवा आत गेलोय?"

"म्हणजे? एवढी वर्षं?"

"हितंच बसायचो, चपला राखत. माझा कुठं इस्वास हाय त्याच्यावर? तुझी आई आत जायची अन् भाईर येताना हसत यायची. तेवढं बघाया यायचो."

आप्पांनी वाकून चपला माझ्या पायांशी ठेवल्या.

"आज बी दाराकडंच बघत व्हतो," ते म्हणाले. "तर तू आलीस."